डबी आणि ऐवज

मराठी घरातल्या डब्यांवरची नावे वाचून पाहुण्याने चहा करायला जाऊ नये. ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात रवा असतो, ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात पोहे असतात, आणि बिस्किटांच्या देखण्या डब्यात सुईदोरा नि बटणे नांदत असतात. घरच्या गृहिणीचे मात्र यात काही अडत नाही. तिचा हात अंधारातही नेमक्या डब्यावर जातो. डब्याने आतला जिन्नस सांभाळावा, त्याचे वर्णन करण्याच्या भानगडीत पडू नये, असा आपला पिढीजात समज आहे. आणि स्वयंपाकघरापुरता तो बरोबरही आहे.

परंतु हल्ली आपल्या घरांत एक नवी डबी येऊ लागली आहे. तिच्या बाबतीत हा समज महागात पडतो. संगणकाच्या पोटातली डिस्क बाहेर काढून जिच्यात बसवायची आणि वायरने दुसऱ्या संगणकाला जोडायची, ती ही डबी. दुकानदार तिला ‘केसिंग’ म्हणतात, खोक्यावर ‘एन्क्लोजर’ असे छापलेले असते. मी आपली तिला डबीच म्हणणार आहे. दिसायला ती काड्यापेटीची थोरली बहीण. किंमत म्हणाल तर साधी डबी काही शे रुपयांत मिळते. तिच्यात जो ऐवज राहतो त्याची किंमत मात्र कोणत्याही दुकानात लिहिलेली नसते.

मराठी शिकवणाऱ्या बाईला या यंत्रविद्येत नाक खुपसण्याचे कारण काय, असे या सदराचे नेहमीचे वाचक विचारतील. कारण साधे आहे. माझा निम्मा जन्म पोथ्या, पाठभेद आणि प्रती यांत गेला आहे. एखादा मजकूर शतकानुशतके टिकतो आणि दुसरा दहा वर्षांत नाहीसा होतो, असे का, हा आमच्या धंद्यातला जुना प्रश्न. आज घराघरांतला सगळा मजकूर, म्हणजे लग्नाचे फोटो, घराची कागदपत्रे, आजोबांनी टंकलेले आत्मवृत्त, मुलांचे प्रबंध, सारे या डिस्कवर गेलेले आहे. तेव्हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा करत मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीपर्यंत येऊन पोहोचले, यात नवल ते काय?

प्रथम एक गोष्ट ध्यानात धरावी. संगणक मरतो तेव्हा त्याची डिस्क मरतेच असे नाही. आधुनिक लॅपटॉपचे आयुष्य कशाने संपते? पडदा जातो, बिजागरी मोडते, चार्जिंगचे तोंड ढिले होते, मुख्य पट्टी, म्हणजे मदरबोर्ड, जळतो. डिस्क हा वेगळा अवयव आहे. घर कोसळले तरी तिजोरी शाबूत असू शकते, तशातली ही गोष्ट. तिजोरी उचलून दुसऱ्या घरात नेण्याचे काम आपली डबी करते. तिच्या आत एक लहानशी पट्टी नि तिच्यावर एक चिप असते. डिस्क आपल्या भाषेत बोलते, यूएसबी आपल्या भाषेत. ही चिप दुभाषाचे काम करते. डबीचे खरे मोल या दुभाषात आहे, बाहेरच्या चकचकीत पत्र्यात नव्हे.

आज ही डिस्क तळहातावर मावते. १९५६ साली आयबीएमने फिरत्या तबकड्यांची पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिचे वजन टनाच्या वर होते आणि त्या सगळ्या पसाऱ्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या फोनवर काढलेला दिवाळीच्या फराळाचा एक फोटो तिच्यात मावला तर मावला असता! जागा इतकी स्वस्त झाली म्हणूनच आपण सारे काही एका जागी कोंबू लागलो, आणि म्हणूनच एक डिस्क हरपली की आता संबंध घराचा इतिहास हरपतो.

आमच्या मजल्यावरच्या काकूंची हकीकत सांगते. त्यांच्या यजमानांनी तरुणपणी, टेपरेकॉर्डर नवलाईचा होता त्या काळात, आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. पुढे कोणाकडून तरी त्या लॅपटॉपवर चढवून घेतल्या, आणि बुरशी आलेल्या कॅसेटी टाकून दिल्या. काकांना जाऊन आता तीन वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यात तो लॅपटॉप एका सकाळी उघडेनासा झाला. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून घेतला आणि निकाल दिला, “मदरबोर्ड गेला, आजी. आता यात काही राम नाही. नवा घ्या.”

“आणि आतलं?”

“आतलं विसरा.”

काकू लॅपटॉप पदराखाली धरून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “नवा काय गं, मुलगा घेऊन देईल. पण सासूबाईंचा आवाज तो कुठून आणून देणार?”

लॅपटॉप बंदच होता. चार्जरची पिन काढली, खालचे झाकण उघडले, आधी बॅटरीची जोडणी सोडवली आणि डिस्क अलगद बाहेर ओढून घेतली. ती अडीच इंची निघाली. त्या मापाची डबी दुसऱ्या दिवशी आणून डिस्क तिच्यात बसवली आणि माझ्या संगणकाला जोडली. पडद्यावर काकांच्या हातचे फोल्डर उमटले : ‘आईच्या ओव्या’. आत ११ फाइली होत्या. काकूंना त्या तत्क्षणी ऐकायच्या होत्या. मी म्हटले, “आधी उतरवून घेऊ, मग ऐकू.” जुन्या डिस्कचा भरवसा नसतो, तिच्याकडून पहिल्या प्रथम नक्कल करून घ्यावी, कौतुक मागाहून करावे. वीस मिनिटे काकू हात जोडून पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना पाहत होत्या. दोन ठिकाणी नकला झाल्या, तेव्हा पहिली फाइल लावली. ओवीच्या आधी जात्याची घरघर आणि म्हातारीचे खोकणे आले. तेवढ्यानेच काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

दुरुस्तीवाला लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याच्या दृष्टीने तो लॅपटॉप दुरुस्त करीत होता. ओव्या वाचवण्याचे काम त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून दुकानात जाताना ‘लॅपटॉप चालत नाही’ असे न म्हणता ‘आतला ऐवज हवा आहे’ असे म्हणावे. प्रश्न बदलला की उत्तर बदलते.

आता डबी निवडायची कशी? पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम हा, की डिस्क हातात घेतल्याशिवाय डबी घेऊ नये. बांगडी भरताना हात पुढे करावा लागतो, तसेच हे आहे. घरगुती संगणकांत आजवर आलेल्या डिस्का मुख्यतः तीन घराण्यांच्या.

पहिले घराणे साडेतीन इंची. ही टेबलावरच्या मोठ्या संगणकात असते, विटेच्या तुकड्यासारखी जड. तिला पाच व्होल्टबरोबर बारा व्होल्टही लागतात, आणि यूएसबीच्या नेहमीच्या तोंडातून पाचच मिळतात. म्हणून तिच्या डबीला भिंतीतल्या विजेचा स्वतंत्र अडॅप्टर हवाच. अडॅप्टरशिवाय साडेतीन इंची डबी कोणी स्वस्तात देऊ केली, तर दुरून नमस्कार करावा.

दुसरे घराणे अडीच इंची. जुन्या लॅपटॉपांतली फिरती डिस्क आणि तिच्या जागी पुढे आलेली चिपांची, न फिरणारी एसएसडी, या दोघी एकाच मापाच्या आणि एकाच ‘साटा’ जोडणीच्या. ही डबी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी. फक्त जाडी पाहून घ्यावी : काही डिस्का ७ मिलिमीटर जाडीच्या असतात, काही साडेनऊ. साडेनऊची डिस्क सातच्या डबीत शिरत नाही. सातची डिस्क साडेनऊच्या डबीत मात्र सुखाने राहते, फार तर थोडी हलते, म्हणून तिच्याखाली रबराची किंवा फोमची पट्टी सारतात.

तिसरे घराणे नव्या लॅपटॉपांतले. ‘एम.२’ नावाची, च्युइंगगमच्या वडीसारखी चपटी पट्टी. तिच्यावर २२८०, २२४२, २२३० असे आकडे दिसतात. त्यात गूढ काही नाही. पहिले दोन अंक रुंदीचे, पुढचे दोन लांबीचे, मिलिमीटरमध्ये. २२८० म्हणजे २२ रुंद, ८० लांब. खरी मेख पुढेच आहे. याच रूपात दोन वेगळ्या जाती वावरतात : एक साटा, दुसरी ‘एनव्हीएमई’. जुळ्या बहिणी समोर उभ्या कराव्यात तशा त्या दिसतात, पण त्यांची भाषा वेगळी. केवळ एनव्हीएमईसाठी केलेल्या डबीत साटाची पट्टी बसवली तर संगणक तिला ओळखच देत नाही, आणि घरात हाहाकार होतो की डिस्क गेली. डिस्क गेलेली नसते. दुभाषाला ती भाषा येत नसते, इतकेच. ओळख पटवायची तर पट्टीच्या सोनेरी दातांकडे पाहावे. एनव्हीएमईच्या दातांत बहुधा एकच खाच असते, साटाच्या दातांत दोन. अपवाद आहेत, म्हणून लेबलावरचे अक्षरही वाचावे. दोन्ही भाषा जाणणाऱ्या डब्याही मिळतात. रिअलटेक या तैवानच्या कंपनीची ‘आरटीएल ९२१०बी’ ही चिप अशी दुभाषी आहे. अंतर पाचशे रुपयांच्या आसपास असेल आणि आपल्याला खात्री नसेल, तर अशी डबी घ्यावी.

एनव्हीएमईची पट्टी काम करताना चांगलीच तापते. म्हणून तिची डबी प्लास्टिकची नको, अॅल्युमिनियमची हवी, आणि सोबत मिळणारी मऊ रबरासारखी पट्टी डिस्क नि झाकण यांच्यामध्ये नीट बसवायला हवी. ती उष्णता पत्र्याकडे पोहोचवते. डबी हाताला गरम लागली तर घाबरू नये. पत्रा आपले काम करतो आहे असे समजावे.

या तिन्ही घराण्यांपलीकडे एक चौथी अवस्था आहे, आणि ती आधी माहीत असलेली बरी. काही लॅपटॉपांत डिस्क स्वतंत्र नसतेच. साठवणीच्या चिपा मुख्य पट्टीवरच डाख देऊन पक्क्या केलेल्या असतात. कित्येक पातळ लॅपटॉप आणि अॅपलचे अलीकडचे सर्व मॅकबुक या जातीचे. तेथे डबीचा काही उपयोग नाही. तसेच काही तयार पोर्टेबल हार्ड डिस्कांत यूएसबीचे तोंड डिस्कच्या स्वतःच्याच पट्टीवर असते. तिला वेगळ्या डबीत हलवता येत नाही. अशा घरात ऐवजाची नक्कल संगणक धडधाकट असतानाच व्हायला हवी.

दुसरी अडचण कुलपाची. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांनी किल्ली शोधून काढीपर्यंत ते बाहेरच्या जगाला बंदच राहिले. विंडोजच्या नव्या लॅपटॉपांतली डिस्क पुष्कळदा अशाच कुलूपबंद लिपीत लिहिलेली असते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ती डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडली की ‘बिटलॉकर’ ४८ अंकी किल्ली मागतो. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. पण खाते कोणाच्या नावाचे, पासवर्ड कोणता, हे त्या वेळी आठवेल काय? घरातला जो कोणी संगणक हाताळतो त्याने आजच ती किल्ली कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांत ठेवावी. राजवाडे प्रत्येक घरी येत नाहीत. शिवाय आजची ही लिपी त्यांनाही उलगडली नसती.

आता वेगाचे आकडे. येथे डबीवरचा मजकूर पुन्हा ‘साखर’ लिहून रवा देतो.

यूएसबीची कथा मात्र ऐकण्यासारखी आहे. पूर्वी संगणकाला छपाईयंत्राचे तोंड निराळे, माउसचे निराळे, कीबोर्डचे निराळे असे. हा पसारा मोडून सर्वांना एकच तोंड द्यावे, हा विचार ज्यांनी तडीस नेला त्या इंटेलमधल्या मंडळींचे अग्रणी अजय भट्ट हे आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. १९९६ साली यूएसबीचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला. ते जुने चपटे तोंड पहिल्या खेपेस कधी बसत नाही, उलटे करावे लागते, ही जगभरची तक्रार. दोन्हीकडून बसणारे तोंड केले असते तर तारा आणि खर्च दोन्ही वाढले असते, असे भट्टांनी पुढे सांगितले. दोन्हीकडून बसणारे ‘टाइप-सी’ तोंड यायला २०१४ साल उजाडले.

आणि गोंधळ तेथूनच वाढला. टाइप-सी हे तोंडाच्या आकाराचे नाव आहे, वेगाचे नव्हे. एकाच आकाराच्या तोंडामागे बैलगाडी असू शकते किंवा आगगाडीही. २००० सालच्या यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. २००८ साली आलेल्या ३.० चा ५ गिगाबिट. पुढे १०, २० आणि २०१९ च्या यूएसबी४ मध्ये ४० गिगाबिटपर्यंत मजल गेली. येथवर सगळे सरळ होते. पण ५ गिगाबिटच्या त्याच जुन्या ३.० ला मागाहून ‘३.१ जेन १’ आणि नंतर ‘३.२ जेन १’ असे संबोधू लागले. पाळण्यातले नाव एक, शाळेतले दुसरे, सासरचे तिसरे! म्हणून खोक्यावरचे ३.१, ३.२ हे आकडे सोडून द्यावेत आणि ‘किती गिगाबिट?’ एवढेच विचारावे. बिट आणि बाइट यांतही फसू नये; आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून गिगाबिटचा आकडा नेहमी आठपट भरदार दिसतो.

व्यवहारात याचा अर्थ काय? समजा, १०० गिगाबाइटचे घरगुती चित्रफितींचे भांडार उतरवायचे आहे. यूएसबी २.० च्या वाटेने पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल. ५ गिगाबिटच्या वाटेने, पण जुनी फिरती डिस्क असेल तर, सतरा-अठरा मिनिटे. कारण आता अडवणूक वायरीची नसून डिस्कच्या फिरण्याची आहे. त्याच वाटेने साटा एसएसडी चारेक मिनिटांत काम उरकेल. एनव्हीएमई पट्टी १० गिगाबिटच्या डबीतून दोन मिनिटांत. हजारो लहान फोटो असतील तर सर्वांनाच याहून अधिक वेळ लागतो, कारण एक पोते उचलणे सोपे आणि सांडलेले तीळ वेचणे अवघड. एवंच, फिरत्या डिस्कला १० गिगाबिटची महाग डबी घेणे म्हणजे बैलगाडीसाठी रूळ टाकणे. ५ गिगाबिट पुरे. एनव्हीएमईला १०. चाळीसच्या डबीवर खर्च करण्याचे कारण चित्रपट संकलित करणाऱ्यांना असेल, आपणांस नाही.

वेग ठरतो तो साखळीतल्या सर्वांत मंद कडीवर, आणि ती कडी बहुधा वायर असते. फोनबरोबर येणारी टाइप-सी वायर चार्जिंगसाठी केलेली असते; पुष्कळदा तिच्यात माहितीसाठी २.० पुरत्याच तारा असतात. नवी डबी घेऊन फोनची वायर लावली की डबी मंद म्हणून परत करायला लोक निघतात. डबीबरोबर आलेली वायर तिच्यापासून वेगळी करू नये. रबरबँडने तिलाच बांधून ठेवावी. वायर जितकी आखूड तितकी बरी. अर्धा मीटर पुष्कळ झाला.

विजेचेही असेच. २.० च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर मिळण्याची हमी असते, ३.० च्या तोंडातून ९००. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना याहूनही अधिक झटका मागू शकते. जुन्या संगणकाच्या पुढच्या तोंडाला ती जोडली की टक् टक् असा आवाज करीत बसते आणि उठत नाही. तेव्हा ती बिचारी बहुधा उपाशी असते. मागच्या बाजूच्या, शक्यतो निळ्या जिभेच्या तोंडाला जोडून पाहावी. चांगल्या तोंडाला जोडूनही तोच टक् टक् आवाज येत राहिला, तर मात्र तत्काळ थांबावे. पुन्हापुन्हा चालवून पाहण्याने तबकडी खरवडली जाते आणि तज्ज्ञाच्याही हाती काही उरत नाही. तेथे डबीचे काम संपते, वैद्याचे सुरू होते.

एका तोंडाची चार तोंडे करणारा ‘हब’ हल्ली सर्रास घेतला जातो. कीबोर्ड, माउस, छपाईयंत्र यांना तो ठीक आहे; पण त्याला स्वतःचा विजेचा अडॅप्टर नसेल तर एकाच ताटात चौघे जेवायला बसल्यासारखे होते. फिरती डिस्क अशा हबवर लावू नये. आणखी एक गंमत सांगते. डिस्क जोडल्याबरोबर बिनतारी माउस अडखळू लागला, तर माउसचा दोष नसतो. ३.० च्या वायरीतून निघणारा गोंगाट माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो. इंटेलने २०१२ साली यावर एक टिपणच प्रसिद्ध केले होते. माउसची पिन दूरच्या तोंडात लावली की भांडण मिटते.

डबीत डिस्क बसवून जोडल्यावर कधीकधी संगणक विचारतो, ‘ही डिस्क फॉरमॅट करावयाची आहे काय?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणू नये. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. ज्याला मोडी वाचता येत नाही त्याला जुने दप्तर म्हणजे नुसत्या रेघोट्या वाटतात. म्हणून काही तो कागद कोरा ठरत नाही. मॅकवर लिहिलेली डिस्क विंडोजला अशीच रेघोट्यांची वाटते. ‘नको’ म्हणून ती जाणत्याकडे न्यावी. नव्या, खरोखरच कोऱ्या डिस्कला मात्र फॉरमॅट करावेच लागते. विंडोज आणि मॅक दोहोंवर वापरायची असेल तर ‘एक्सफॅट’ निवडावे. जुन्या ‘फॅट ३२’ मध्ये ४ गिगाबाइटहून मोठी फाइल ठेवता येत नाही. आणि काम संपल्यावर वायर उपटू नये; ‘इजेक्ट’ म्हणून निरोप घ्यावा. लिहिणाऱ्याच्या हातून वही ओढली तर शेवटची ओळ वाकडी होणारच.

खरेदी कोठे करावी? पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ते सांगून टॅक्सीवाला नेईल याची खात्री नाही. दुकानात समोर जोडून दाखवायला सांगता येते, हा मोठा फायदा. घरबसल्या मागवायचे तर एक सावधगिरी. रिकामी डबी मागवण्यात धोका थोडा. पण ‘१६ टेराबाइटची एसएसडी अमुक हजारांत’ अशी जाहिरात दिसली की समजावे, आत लहानसे मेमरी कार्ड आणि खोटा आकडा आहे. असा माल आरंभी सारे काही स्वीकारतो, आणि खरी जागा संपल्यावर जुन्यावर नवे लिहीत सुटतो. फोटोंची नावे दिसतात, फोटो उघडत नाहीत. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलींनी पूर्ण डिस्क भरून तपासता येते. नव्या डिस्कची ही परीक्षा ऐवज आत ठेवण्यापूर्वी घ्यावी.

एवढे सगळे नीट केले, उत्तम डबी आणली, ऐवज उतरवून कपाटात ठेवला, म्हणजे आपण निश्चिंत झालो काय? नाही, आणि मला खरे सांगायचे आहे ते हेच. डबी वाचवत नाही, प्रत वाचवते. म्हाइंभटाने मोठ्या कष्टाने सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत हरवली. मराठी गद्याचा तो आद्य ठेवा आज आपल्या हाती आहे, तो शिष्यांनी मुखोद्गत लीळा पुन्हा सांगितल्या नि लिहिल्या म्हणून. पाठभेद झाले, पण ग्रंथ उरला. आपल्या घरात मात्र फोटो कोणी पाठ करून ठेवलेले नसतात. तेथे दुसरी प्रत नसेल तर पुढे काहीच नसते.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराच्या नावे सांगितला जाणारा एक सोपा नियम आहे : प्रती तीन, साधने दोन तऱ्हांची, आणि एक प्रत घराबाहेर. आपल्या चालीने सांगायचे तर एक प्रत संगणकात, एक डबीत, आणि एक लेकीच्या किंवा भावाच्या घरी. घराबाहेरची प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवली तरी चालेल. घरातल्या दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर चोर, पाणी आणि आग यांना त्या एकच. आणि डबी एकदा ठेवली की विसरून जाऊ नये. वर्षानुवर्षे विजेशिवाय पडलेल्या एसएसडीतला मजकूर हळूहळू पुसट होऊ शकतो. फिरती डिस्कही फार काळ न फिरता राहिली तर आखडू शकते. वर्षातून एकदा तरी जोडून, चार फाइली उघडून पाहाव्यात.

त्यासाठी दिवाळीसारखा मुहूर्त नाही. धनत्रयोदशीला आपण ऐवज बाहेर काढतो, पुसतो, पुजतो, पुन्हा ठेवतो. त्याच दिवशी ही डबीही बाहेर काढावी. तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून आत काय आहे ते खरे खरे लिहावे, केव्हाची प्रत आहे ती तारीख लिहावी, आणि कुलूप असेल तर त्याची किल्ली कोठे आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवावे. काकूंनी ओव्यांची एक प्रत आपल्या नातीकडे नागपूरला धाडली. नात त्यातल्या दोन ओव्या आता स्वतः म्हणते, असे त्यांनी परवाच सांगितले. ती तिसरी प्रत झाली, आणि तिला कोणतीच डबी लागत नाही.